खंडनाची दोन मिनिटं

रवळूने चिठ्ठी उघडली, वाचली आणि माझ्यापुढे धरली. निळ्या शाईत एकच शब्द होता, 'प्रतिकूल'.

"म्हणजे माझी अनुकूल," मी म्हणाले. "उघडून बघायलासुद्धा नको."

"बदल की, उल्का."

"काय बदल?"

"बाजू. तू प्रतिकूल घे, मी अनुकूल बोलतो. आजच्या दिवस. परत कधी मागणार न्हाई."

"नियमात बसत नाही," मी म्हणाले.

बसत होतं. टेबलावर नावं देईपर्यंत एका कॉलेजच्या दोघांनी आपसांत बाजू बदलली तर कुणी हरकत घेत नसे. आम्ही आधी दोनदा बदलली होती, आणि दोन्ही वेळा माझ्या सोयीसाठी. रवळूला हे ठाऊक होतं. तो नुसता बघत राहिला. मी साडीच्या निऱ्या नीट केल्या, टेबलापाशी गेले आणि दोघांची नावं लिहून मोकळी झाले.

ज्यांनी कॉलेजात वादविवाद स्पर्धा केलेली नाही त्यांना आमची ही पद्धत चमत्कारिक वाटेल. एका कॉलेजातून दोघं जातात. एक अनुकूल बोलतो, दुसरा प्रतिकूल. म्हणजे एकाच एस.टी.ने येऊन, एकाच डब्यातलं खाऊन, दोघं एकमेकांविरुद्ध उभे राहतात. आणि दोघांच्या गुणांची बेरीज करून कॉलेजला करंडक मिळतो. त्यामुळे आपल्याच जोडीदाराचा मुद्दा खोडायचा नाही, ही सगळ्यांची न लिहिलेली रीत. पण सांघिक करंडकाखेरीज वैयक्तिक पहिला क्रमांकही असतो. खरी जळफळ असते ती त्याच्यासाठी.

त्या दिवशी आम्ही जिल्ह्याच्या गावी आलो होतो. कै. दादासाहेब भोईटे स्मृती फिरता करंडक. विषय होता, 'शिक्षण, आरोग्य आणि अर्थकारण या तिन्ही आघाड्यांवर आधीच्या सरकारपेक्षा आताच्या सरकारची कामगिरी सरस आहे.' सरकार बदलून अडीच वर्षं झाली होती आणि चहाच्या टपरीपासून न्हाव्याच्या खुर्चीपर्यंत लोक हाच विषय घोळत होते.

रवळनाथ गावडे आणि मी तिसऱ्या वर्षाला होतो. तो मोरथळचा, डोंगराच्या कुशीतल्या गावचा. मी तालुक्याच्या पोस्टमास्तरची मुलगी. पाच स्पर्धांना आम्ही बरोबर गेलो होतो आणि पाचही वेळा तो पहिला आला होता, मी दुसरी. घरी गेलं की बाबा वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता विचारायचे, "काय? परत तोच का?" ते चेष्टेने विचारत असत. मला ती चेष्टा वाटत नसे. माझे उच्चार शुद्ध होते, पाठांतर चोख होतं, आवाज खणखणीत होता. रवळूचे 'न' आणि 'ण' घरी एकमेकांत मिसळायचे. पण माइकपुढे उभा राहिला की तो मनुष्यच बदलायचा, भाषा धुतलेल्या तांदळासारखी स्वच्छ व्हायची आणि सभागृह गप्प व्हायचं. मला तो आवडत होता का, असं पुढे एका मैत्रिणीने विचारलं होतं. आवडत होता. त्याला हरवावं असंही वाटत होतं आणि या दुसऱ्या वाटण्याला जोर जास्त होता.

आमची तयारी हेरेकर सर करून घेत. अर्थशास्त्राचे प्राध्यापक, तंबाखू मळता मळता शिकवायचे. त्यांच्या कपाटात दोन फायली होत्या, एक आधीच्या सरकारची, एक आताच्या. दोन्हींत कात्रणं.

"आधीच्यांनी शाळा काढल्या, आताच्यांनी खोल्या बांधल्या," सर सांगायचे. "आधीच्यांच्या शाळेत मास्तर नव्हता, आताच्यांच्या खोलीत पोरं नाहीत. आरोग्य केंद्रं आधीच्यांनी उघडली, आताच्यांनी रंगवली. महागाई दोघांचीही वाईटच. तुम्ही कोणत्या महिन्यापासून मोजता त्यावर सगळं. आकडा बैलासारखा असतो गं उल्का. कासरा ज्याच्या हातात त्याच्या रानात जातो. पण बैल खरा पाहिजे. पुराव्याशिवाय एक वाक्य बोललात, तर मीच स्टेजवरून खाली ओढीन."

स्पर्धेच्या आठ दिवस आधी ग्रंथालयात आम्ही दोघं कात्रणं चिकटवत बसलो होतो. एका कात्रणावर मथळा होता, 'मोरथळ केंद्रात डॉक्टर नाही, बाळंतिणीचा मृत्यू'. तीन वर्षांपूर्वीचं. मी ते आधीच्या सरकारच्या फायलीत लावायला घेतलं.

"ही माझी भन," रवळू म्हणाला.

मला माहीत होतं. सगळ्या तालुक्याला माहीत होतं. मंगल, एकोणीस वर्षांची, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. संध्याकाळी साडेसहाला तिला केंद्रात नेलं तेव्हा डॉक्टर नव्हता. ती गेली, मूलही गेलं. तिचे वडील, बाबू गावडे, त्यानंतर दर दोन महिन्यांनी कुणाकडून तरी अर्ज लिहून घेऊन सरकारला पाठवत. चौकशी व्हावी, दोषींना शिक्षा व्हावी. अर्जांच्या नकला त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपल्या होत्या. ते सरकार निवडणुकीत पडलं त्या दिवशी म्हाताऱ्याने गावात घरोघर साखर वाटली होती. नव्या सरकारनेही मोरथळला डॉक्टर दिला नाही, ती गोष्ट वेगळी.

"तुला एक सांगू?" रवळू म्हणाला. त्याने डिंकाची बाटली बाजूला ठेवली. "कुनाला सांगितल्यालं न्हाई."

"सांग."

"डॉक्टर व्हता."

"कधी?"

"चारपातूर. चारला तालुक्याला मीटिंगला गेला. मी मागनं केंद्रात जाऊन हजेरीपुस्तक बघितलं. सही हाय. मंगलला कळा लागल्या सकाळी आठला. आबा रताळी घिऊन बेळगावच्या बाजारात गेल्यालं. जाताना मला म्हनालं व्हतं, दुखाय लागलं की येळ लावू नगंस, खालच्या आळीतनं जीप सांग. आई म्हनाली, रवळू, जीप बघ. आन् मी म्हनालो, पहिलटकरीन हाय, दिवसभर लागतंय. दुपारी येतो."

"कुठे गेलास?"

तो हसला. वाईट हसला.

"तालुक्याला वक्तृत्व स्पर्धा व्हती. बारावीचं वरीस. पहिला आलो. ढाल घिऊन सहाला घरात पाय ठेवला, तवा ती उठून बसायच्याबी लायकीची ऱ्हायली नव्हती."

ग्रंथपाल पलीकडे शिक्के मारत होते.

"आईनं आबांस्नी सांगितलं, कळा चारला लागल्या," तो म्हणाला. "माझ्यासाठी खोटं बोलली. तवापासनं आबा सरकारला शिव्या देत्यात आन् आम्ही दोघं मान हलवतो. आबांस्नी कळलं तर काय हुईल, ठावं न्हाई. आईला तर ती जित्ती ठेवायची न्हाईत."

"मी कुणाला सांगणार नाही," मी म्हणाले.

हे मी मनापासून म्हणाले होते. त्या वेळी.

तर त्या सकाळी बाजू बदलायची गयावया त्याने केली ती वडील आले होते म्हणून. हेरेकर सरांनी हौसेने पोस्टकार्ड टाकून बोलावलं होतं: मुलगा एवढा बोलतो, एकदा ऐका तरी. बाबूकाका पहाटेची गाडी धरून आले होते. पांढरी टोपी, धुवट धोतर, एका हातात ती अर्जांची पिशवी आणि दुसऱ्या हातात बेळगावी कुंद्याच्या मिठाईचा डबा. पिशवी कशाला आणली असं सरांनी विचारलं, तर म्हणाले, जिल्ह्याला येतोच हाय तर कलेक्टर कचेरीत एक अर्ज दिऊन जावं.

"तू उल्का न्हवं?" ते मला म्हणाले. "रवळू लई सांगतो तुझं. पोरगी हुशार हाय म्हनतो. कुठली बाजू आली रं तुला?"

रवळू चपलेच्या अंगठ्याकडे बघत होता. म्हणून मीच सांगितलं, "आधीच्या सरकारची, काका."

म्हाताऱ्याच्या तोंडावरचं हसू जागच्या जागी थांबलं.

"त्या सरकारची? मंगलला खाल्ल्यालं त्ये?"

"आबा, चिठ्ठी आसती. जी निघंल ती बोलायची."

"खरं नसलं तरी?"

"बाजू आसती, आबा."

"मग ह्यात खोटंबी बोलत्यात म्हन की." मग त्यांनी रवळूच्या पाठीवर हात ठेवला. "बोल. तुझ्या पोटात काय हाय मला ठावं हाय. तोंडानं काय बोलायचं त्ये बोल."

रवळूने मान हलवली. ते जाऊन मागच्या रांगेत बसले, पिशवी मांडीवर, डबा पायाशी.

सभागृह भरलं होतं. तीन परीक्षक होते. मधले निवृत्त प्राचार्य, जाड चष्म्याचे, अध्यक्ष. मी तिसरी बोलले. सात मिनिटं, पाचव्याला इशाऱ्याची घंटा. चांगली बोलले. एकशिक्षकी शाळांचे आकडे आले, रोजगार हमीचे आले, टाळ्याही आल्या. जागेवर येऊन बसले तेव्हा वाटलं, आज जमणार.

मग रवळू उठला.

मला वाटलं होतं की वडिलांसमोर त्याची जीभ अडखळेल. ज्या सरकारला बाप शिव्या घालतो त्याचं गुणगान त्याला जड जाईल. तो माइकपाशी गेला आणि म्हणाला, "अध्यक्ष महाराज, सरकार नावाचा मनुष्य मी अजून पाहिलेला नाही. मी पाहिला आहे तो रस्ता, जो माझ्या गावी येतो. तो आधीच्या सरकारने केला. आताच्या सरकारने त्यावर स्वतःच्या नावाची पाटी लावली." आणि सभागृह हसलं, आणि मग गप्प झालं, आणि गप्पच राहिलं. आकडे तेच होते, मी चिकटवलेले. त्याच्या तोंडून मात्र ते कुणाच्या तरी घरचे वाटत होते. मधल्या परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. परीक्षक पेन खाली ठेवतो तेव्हा गुण दिलेले असतात, हे मला पाच स्पर्धांनी शिकवलं होतं.

बाबा डोकं वर न काढता विचारणार होते. परत तोच का?

सगळ्यांची भाषणं झाल्यावर खंडन. प्रत्येकाला दोन मिनिटं. कोणाच्याही एका मुद्द्याला उत्तर द्यायचं. माझा नंबर रवळूच्या आधी होता. माझ्याकडे दोन मुद्दे तयार होते, दुसऱ्या कॉलेजच्या एका मुलाने साखर कारखान्यांवर केलेल्या बडबडीचे. खुर्चीवरून उठेपर्यंत मी तेच बोलणार होते.

माइकपाशी जाऊन मी म्हणाले, "अध्यक्ष महाराज, माझे सहकारी रवळनाथ गावडे म्हणाले, आधीच्या सरकारने आरोग्य केंद्रं उघडली."

पहिल्या रांगेत हेरेकर सरांचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला. जोडीदाराचं खंडन करायला नियमात बंदी नव्हती. रीत नव्हती एवढंच.

"उघडली, हे खरं. त्यांतलं एक मोरथळला होतं. तीन वर्षांपूर्वी तिथे एकोणीस वर्षांची एक मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी आली. आणि त्या उघडलेल्या केंद्रात डॉक्टर नव्हता. अध्यक्ष महाराज, दार उघडं होतं आणि आत कुणी नव्हतं! ती मुलगी त्या उघड्या दारात मेली. तिचं मूल मेलं. हा माझ्याकडे पुरावा आहे." मी कात्रण उंच धरलं. "माझ्या सहकाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं. ते मोरथळचेच आहेत. त्यांना हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे."

हे शेवटचं वाक्य मी तयार केलेलं नव्हतं. ते आपसूक आलं. त्याला उत्तर देता येणार नाही, हे मला माहीत होतं. उत्तर एकच होतं, ते तो देऊ शकत नव्हता आणि ते का, हे त्या दोनशे लोकांत मला एकटीला ठाऊक होतं.

तेवढ्यात मागून आवाज आला.

"माझी लेक हाय ती!"

बाबूकाका उभे राहिले होते. त्यांनी पिशवी छातीशी धरली होती आणि तोंड डोळ्यांतल्या पाण्याने ओलं झालं होतं.

"खरं बोलली पोरगी! माझी मंगल ती. तीन वरसं झाली, कुनी नाव घेत न्हवतं. अर्ज दिऊन दिऊन चपला झिजल्या. आज एवढ्या मानसांत तिचं नाव निघालं!" त्यांनी मला हात जोडले. व्यासपीठावरच्या मला, पोस्टमास्तरच्या एकवीस वर्षांच्या मुलीला. "लई उपकार झालं, बाई."

दोन स्वयंसेवकांनी त्यांना खाली बसवलं. सभागृहात चुकचुकणं, मग टाळ्या. मी खाली आले. मधल्या परीक्षकांनी पेन पुन्हा हातात घेतलं होतं.

रवळूचं नाव पुकारलं गेलं. तो उठला नाही. दुसऱ्यांदा पुकारलं तेव्हा उठला. दुसरा कुठलाही मुद्दा घेऊन तो दोन मिनिटं सहज काढू शकला असता, आणि तेच करील अशी माझी अटकळ होती. त्याने माइकवर हात ठेवला आणि मागच्या रांगेकडे बघितलं. बाबूकाका अजून उपरण्याने डोळे टिपत होते आणि शेजारच्याला काहीतरी सांगत होते. बहुतेक मंगलचंच.

"अध्यक्ष महाराज," रवळू म्हणाला, "पुरावा अर्धा वाचला की तो पुरावा राहत नाही. संध्याकाळी साडेसहाला केंद्रात डॉक्टर नव्हता, हे खरं. पण तो चार वाजेपर्यंत होता. हजेरीपुस्तकात सही आहे. मी ती पाहिली आहे. त्या मुलीला कळा सुरू झाल्या सकाळी आठ वाजता. आठ ते चार, आठ तास. केंद्र घरापासून जीपने पंधरा मिनिटांवर. घरात तिची आई होती आणि एक भाऊ होता. वडील बाजाराला जाताना त्याला सांगून गेले होते, वेळ लावू नकोस. आईने त्याला सांगितलं, जीप बघ. तो गेला वक्तृत्व स्पर्धेला."

सभागृहात पंखे तेवढे फिरत होते.

"पहिला आला. ढाल मिळाली. अध्यक्ष महाराज, दोन सरकारांची तुलना आपण खुशाल करू. पण या मुलीच्या मरणाचं खापर कुठल्याच सरकारच्या डोक्यावर फोडू नका. ज्याच्या डोक्यावर फोडायचं तो इथे उभा आहे."

घंटा वाजली. एक मिनिट चाळीस सेकंदांची, इशाऱ्याची. उरलेले वीस सेकंद त्याने घेतले नाहीत. तो खाली उतरला तेव्हा टाळ्या सुरू झाल्या. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, पोरी रडत होत्या. मी मागे वळून पाहिलं. एवढ्या उभ्या माणसांत बाबूकाका दिसले नाहीत. ते बसलेलेच होते.

निकाल तासाभराने लागला. करंडक आमच्या कॉलेजला. वैयक्तिक पहिला, रवळनाथ गावडे. "आणि द्वितीय," निवेदिका म्हणाली, आणि मला पुढचं ऐकायची गरज नव्हती.

मधल्या परीक्षकांनी मनोगतात सांगितलं, "गावडे यांचं खंडन मी तीस वर्षांत ऐकलं नाही असं होतं. स्वतःलाच आरोपी म्हणून उभं करण्याची ती कल्पना! त्या भावाची गोष्ट अर्थातच काल्पनिक असणार, पण सादरीकरणाला तोड नव्हती."

सभागृह रिकामं होत आलं. सर करंडकाचा कागद सही करायला कचेरीत गेले होते. व्हरांड्यात एका खांबाशी रवळू उभा होता, ढाल बगलेत धरून. मी थोडी लांब, हातात माझं प्रमाणपत्र आणि गुणतक्ता. त्याचे एकशे शहात्तर, माझे एकशे चौऱ्याहत्तर. दोन गुण. बाबूकाका आले. सावकाश आले, भिंतीला हात लावत.

"रवळू," ते म्हणाले. "त्ये चष्म्याचं सायेब काय म्हनालं रं? काल्पनिक. म्हंजे खोटं न्हवं?"

रवळूने ढाल दुसऱ्या बगलेत घेतली.

"सकाळी तूच म्हनालास, चिठ्ठी आसती, बाजू आसती. बाजूसाठी बोलावं लागतं. त्यातलंच न्हवं ह्ये? जितायसाठी बोललास न्हवं?"

असं विनवून विचारणारा बाप मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. त्याला एकच शब्द हवा होता.

"व्हय, आबा," रवळू म्हणाला. "जितायसाठी बोललो."

"डॉक्टर न्हवताच."

"न्हवता."

"कळा चारला लागल्या."

"चारला."

म्हाताऱ्याचे खांदे खाली आले. त्याने मोठा श्वास सोडला आणि कुंद्याचा डबा उघडायला घेतला. झाकण घट्ट बसलं होतं. झाकणाशी झटापट करता करता त्याने सहज माझ्याकडे बघितलं. म्हणजे मला सहज वाटलं.

"पोरी, तू सांग. तू मंगलचं खरं सांगितलंस. तुझ्यावर इस्वास हाय माझा. तुमच्या ह्या खेळात खोटं बोललं तर चालतंय न्हवं?"

रवळू माझ्याकडे बघत होता. सकाळी चिठ्ठी पुढे धरून बघत होता तसाच. मला फक्त 'हो काका' म्हणायचं होतं. दोन शब्द. स्पर्धा संपली होती, निकाल लागला होता, आता त्यात माझा काही फायदा नव्हता. तरीही मी जे म्हणाले ते अगदी शांतपणे म्हणाले, शुद्ध उच्चारांत.

"नाही, काका. पुराव्याशिवाय बोलायचं नाही, असा नियम आहे. खोटं बोललं तर गुण कापतात."

आणि मी गुणतक्ता त्यांच्यापुढे धरला.

"रवळूचे कापलेले नाहीत."

असा नियम कुठेही नव्हता. तो मी त्या व्हरांड्यात, त्या क्षणी केला. बाबूकाकांना वाचता येत नव्हतं. तरी त्यांनी तो कागद हातात घेतला, सरळ धरला, बराच वेळ बघितला आणि मला परत दिला.

"मग हिला ठावं व्हतं," ते म्हणाले. हिला म्हणजे त्यांच्या बायकोला. "तीन वरसं माझ्या म्होरं बसून रडली. मी अर्ज सांगायचो, ती वाती करत ऐकायची. तिला ठावं व्हतं."

"आबा, आईला काय बोलू नगा," रवळू म्हणाला. त्याचा आवाज माइकपुढचा नव्हता. "आबा, तुमच्या पाया पडतो. मला मारा. तिला न्हाई."

त्यांनी त्याच्याकडे बघितलंच नाही. अर्जांची पिशवी त्यांनी खांबाला टेकवून ठेवली, हातातला डबा माझ्या हातात दिला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"खरं बोलनारी तू एकलीच निघालीस, बाई. देव तुझं भलं करंल."

मग ते स्टँडच्या दिशेने चालू लागले. रवळू त्यांच्या मागे चार पावलं गेला आणि थांबला. ढाल त्याच्या बगलेतच होती.

तो त्या दिवशी घरी गेला नाही. नंतरही गेला नाही. परीक्षेला बसला नाही. गोव्यात कुठल्या तरी हॉटेलात आहे, असं एकाने सांगितलं. दुसऱ्याने सांगितलं, तिथेही आता नाही. बाबूकाका आणखी नऊ वर्षं जगले. बायकोला त्यांनी मारलं नाही, हाकललं नाही. फक्त तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत आणि तिच्या हातचं पाणी घेतलं नाही. गोठ्यात चूल मांडून स्वतःच्या भाकरी थापायचे. ती माऊली रोज ताट वाढून गोठ्याच्या दारात ठेवायची आणि संध्याकाळी तसंच उचलून म्हशीला घालायची. हे मला हेरेकर सरांनी सांगितलं. सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. त्यानंतर त्यांनी मला पुन्हा घरी बोलावलं नाही.

पुढच्या वर्षी एम.ए.ला असताना मी भोईटे करंडकाला गेले आणि वैयक्तिक पहिली आले. बाबांनी पहिल्यांदा वर्तमानपत्र खाली ठेवलं.

देवाने भलं केलं हे मात्र खरं. गेली अकरा वर्षं मी पक्षाची प्रवक्ता आहे. आधी एका पक्षाची, आता दुसऱ्या. रोज संध्याकाळी आठ वाजता टीव्हीवर बसते. त्यांच्या काळात किती शाळा, आमच्या काळात किती. त्यांच्या काळात किती दवाखाने, आमच्या काळात किती. समोरचा कुणी मेलेल्या बाळंतिणीचं नाव काढतो, तेव्हा मी त्याला पुरावा मागते. माझ्याइतकी तयारी कुणाची नसते, असं सगळे म्हणतात.

त्या दिवशी परतीच्या एस.टी.त माझ्या शेजारची सीट रिकामी होती. सर पुढे ड्रायव्हरच्या मागे बसले होते, मांडीवर करंडक घेऊन. घाट लागल्यावर मला भूक लागली. मी डब्याचं झाकण नखांनी उचकटलं आणि गाव येईपर्यंत सगळा कुंदा एकटीने संपवला. चांगला होता.